आधी लगीन, मग आयफेल

आमचं लग्न 1986 साली वैशाखात साताऱ्याला झालं. पंगती उठल्या, मानपान झाले, रुसवेफुगवेही रीतसर झाले. सरकारदरबारी मात्र त्याची नोंद कुठेच नाही, हे कळलं युरोपच्या टूरचे पैसे भरल्यावर.

टूर कंपनीने कागदांची यादी पाठवली होती. ह्यांचं काम सोपं होतं. पेन्शनचे कागद, तीन वर्षांची इन्कम टॅक्स रिटर्न्स, बँकेचा शिक्का मारलेलं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. माझ्या नावापाशी आल्यावर फोनवरची मुलगी अडली.

"मॅडम, तुम्ही काय करता?"

"घरी शिकवण्या घेते. गणिताच्या."

"रिटर्न भरता?"

"नाही."

"मग हाउसवाइफ टाकते. सर तुम्हाला स्पॉन्सर करतील. फक्त रिलेशन प्रूफ लागेल, मॅरेज सर्टिफिकेट द्या."

सातवी ते दहावीची पोरं आमच्या हॉलमधल्या सतरंजीवर बसून समीकरणं सोडवून गेली. त्या फीची पोस्टात आरडी होती. टूरचा पहिला हप्ता त्याच आरडीतून गेलेला. पण तो माझ्याकडून ह्यांच्या खात्यात आणि तिथून कंपनीकडे गेला, त्यामुळे कागदोपत्री मी फुकटची पाहुणी. कव्हरिंग लेटरचा मसुदाही कंपनीकडून आला: 'माय वाइफ इज फायनान्शियली डिपेंडंट ऑन मी.' ह्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. म्हटलं, "अहो, करा सही. पॅरिस बघायचंय ना?"

आता दाखला. महाराष्ट्रात विवाह नोंदणी 1998 च्या कायद्याने होते, 'नमुना ड' भरावा लागतो, आणि सोबत लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, दोघांचे वयाचे पुरावे, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. आमचे भटजी कधीच देवाघरी गेलेले. त्यांच्या सहीऐवजी प्रतिज्ञापत्र करावं लागलं. पत्रिका आमच्याकडे नव्हतीच. ती निघाली नणंदेकडे, देवघराच्या खणात, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात. हळदीकुंकवाची बोटं उमटलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण तारीख शाबूत. त्यात पुन्हा शाळेच्या दाखल्यावर माझं माहेरचं नाव आणि आधार, पासपोर्ट सगळीकडे सासरचं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवीन नाव लिहिलं तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं होतं. त्या कौतुकापायी आता आणखी एक प्रतिज्ञापत्र.

क्षेत्रीय कार्यालयात आम्ही गेलो ती वरात बघण्यासारखी होती. दीर, नणंद, ह्यांचे शाळेतले मित्र, आणि आम्ही दोघं. बाकावर बाकी सगळी नवीन लग्न झालेली जोडपी. मुलींच्या हातात हिरवा चुडा, मेंदी अजून काळीभोर. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता हाक मारली, "वर-वधू, पुढे या." मी गुडघ्याला पट्टा बांधलेला, पर्स सांभाळत उठले. बाईंनी तेव्हा वर पाहिलं. मग पत्रिका पाहिली, मग परत मला.

"इतकी वर्षं नोंदणी का नाही केली?"

"कुणी विचारलंच नाही," हे म्हणाले.

बाई हसल्या नाहीत, पण शेजारची चुडेवाली हसली. मुंडावळ्यांतला कृष्णधवल फोटो फाइलला डकवला गेला, साक्षीदारांनी सह्या केल्या, अंगठे झाले. बाहेर आल्यावर दिरांनी सगळ्यांना अमृततुल्यचा चहा पाजला आणि म्हणाले, "वहिनी, आता कायदेशीर झालात. आता भांडा."

मग बोटांचे ठसे. व्हिसा केंद्रात ह्यांची दहाही बोटं एका झटक्यात उमटली. माझ्या उजव्या हाताची बोटं मशीनला दिसेचनात. ओला टिश्यू झाला, क्रीम झालं. काचेवर दाबून दाबून नखं पांढरी पडली. पडद्यावर रेषांऐवजी राखाडी डाग. यंत्रावरचा मुलगा वयाने आमच्या मुलाएवढा असेल. तो म्हणाला, "मावशी, भांडी-धुणं खूप झालेलं दिसतंय. ठसे झिजलेत." हे वाक्य त्या कव्हरिंग लेटरच्या खाली जोडता आलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी उमटले कसेबसे. हे ठसे 59 महिने चालतात म्हणे, म्हणजे तेवढ्या काळात परत अर्ज केला तर ही घासाघीस नाही.

एक गंमत सांगते. आमचा हा व्हिसा शेंगेन व्हिसा, आणि शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं छोटंसं खेडं आहे. 1985 च्या जूनमध्ये पाच देशांनी तिथे नदीतल्या एका बोटीवर बसून सह्या केल्या आणि सीमेवरची तपासणी हळूहळू काढून टाकायचं ठरवलं. त्यांची सोयरीक बोटीवर जुळली, कुणी नमुना ड मागितला नाही. आता त्या कराराखाली 29 देश आहेत आणि आमच्यासारख्यांना त्या 29 देशांना पटवायचं असतं की बाबांनो, आम्ही बघून परत येणार आहोत. घराचा इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदीचा उतारा, एफडीच्या पावत्या, 30,000 युरोचा विमा, परतीचं तिकीट. ज्या घरातून आठ दिवस बाहेर पडायचं म्हटलं तरी तुळशीला पाणी कोण घालणार यावर चर्चा होते, त्या घराकडे आम्ही परतू याचा एवढा पुरावा!

व्हिसा लागून पासपोर्ट हातात आले निघायच्या आदल्या आठवड्यात. तोवर बॅगा उघड्या पडून होत्या, कारण भरल्या आणि व्हिसा नाही आला तर अपशकुन, असं हे म्हणाले. हे, म्हणजे आयुष्यभर मांजर आडवं गेलं तर त्याला बिस्कीट घालणारे!

निघण्याआधी एका हॉलमध्ये टूरवाल्यांची मीटिंग झाली. टूर मॅनेजर तिशीतला, चटपटीत. सगळ्यांना काका-मावशी करत होता. माणशी एकच मोठी बॅग, ती स्वतः ओढायची, हमाल नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इनच्या बॅगेत नाहीत. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाने मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला युरोपियन युनियनमध्ये बंदी. ड्रायव्हरने साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं विश्रांती घ्यायचीच, गाडीतलं यंत्र त्याची नोंद ठेवतं, "तेव्हा काका, उशीर तुम्ही केलात तर तो त्याच्या वेळेतून भरून काढणार नाही." हे सगळं मला फार आवडलं. एवढं ऐकून पहिला प्रश्न काय आला? "चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी मिळेल का?" आणि दुसरा: "खोलीत इंडक्शन लावला तर चालेल का?" मॅनेजरने धूर झाला की वाजणाऱ्या अलार्मची आणि दंडाची माहिती दिली. विचारणाऱ्यांनी ती वहीत लिहून घेतली, पण चेहऱ्यावरून इंडक्शन निघालेलाच होता.

बॅगेचं खरं संकट म्हणजे लोक. आपण युरोपला चाललोय हे कळल्यापासून शेजारपाजार पार्सलं घेऊन येतो. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा स्टुटगार्टला. आमची बस जर्मनीच्या एका कोपऱ्यातून ब्लॅक फॉरेस्टला जाणार, स्टुटगार्टला नाही. "पण जर्मनीच ना?" काकू पेढ्यांचा किलोचा बॉक्स घेऊन आल्या. मी दुधाचे पदार्थ चालत नाहीत म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, दुधाचे कुठेत? खव्याचे आहेत." शेवटी तडजोड गोड्या मसाल्यावर झाली. हे लटकवायचा डिजिटल काटा घेऊन बॅगेभोवती फिरत होते आणि दर पुडीला आकडा ओरडून सांगत होते, शेअर बाजारात पूर्वी ओरडायचे तसा. त्यांनी माझे खाकरे काढले, मी त्यांचा जाड स्वेटर काढला. खाकरे परत गेले. स्वेटर नाही गेला.

बर्फासाठीचं जॅकेट जाऊबाईंचं, बाटलीच्या रंगाचं. खरं तर तेही त्यांचं नाही, त्यांच्या विहिणीचं. आमच्या ओळखीतल्या निम्म्या बायकांचे बर्फातले फोटो या एकाच जॅकेटात आहेत. खिशात हात घातला तर स्वित्झर्लंडमधल्या टिटलिस डोंगरावरच्या केबलकारचं चुरगळलेलं तिकीट, खोकल्याच्या गोळीचा कागद आणि कुणाची तरी काळी हेअरपिन. मी काहीच बाहेर काढलं नाही. तुम्ही जाणार असाल तर माझा अनुभव एवढाच, की जॅकेट विकत घेऊ नका. कुणाकडे तरी ते असतंच. आपल्याला मागायला लाज वाटते, एवढंच.

टूरबद्दल काय सांगू, ती झाली. पॅरिसच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला, एकदा चेहरा पाहिला, शिक्का मारला, संपलं. प्लास्टिकच्या फोल्डरातला दाखला मी हातात तयार ठेवला होता. त्याने फोल्डरकडे बघितलंसुद्धा नाही. आयफेलला रांग, लूव्रला गर्दी, ब्लॅक फॉरेस्टमध्ये टिटिसेच्या तळ्याकाठी कक्कू घड्याळांच्या दुकानासमोर काकूंचा मुलगा गाडी चालवत आला आणि मसाल्याची पुडी छातीशी धरून "आई काय म्हणते?" विचारत बसला, तोवर बस सुटायची वेळ झाली. स्वित्झर्लंडमध्ये यूंगफ्राउयोखच्या बर्फात 3,454 मीटरवर रेल्वेने गेलो. ही रेल्वे 1912 पासून तिथे माणसं पोचवते आहे आणि वर पोचल्यावर आमच्या गटातल्या सगळ्यांनी आधी चहा शोधला. ऑस्ट्रियातून ब्रेनर खिंडीने इटलीत उतरलो. कुठेच गाडी थांबली नाही, कुणी काही विचारलं नाही. मोबाइलवर इटलीच्या कंपनीचा मेसेज आला तेव्हा कळलं की देश बदलला. हे बाहेर बघून म्हणाले, "एवढ्यासाठी तुला ड नमुना भरायला लावला." व्हेनिस महाग, पिसा उन्हाचं, रोममध्ये माझे पाय संपले.

परत आल्यावर जॅकेट धुऊन जाऊबाईंकडे पोचवलं. ते दिवाळीत कुणाच्या तरी भाचीबरोबर काश्मीरला जाणार आहे. लग्नाचा दाखला लॅमिनेट नको करू, असं मुलाने बजावलं, तरी ह्यांनी तो करून आणलाच.

आणि जुलैत मी कोपऱ्यावरच्या सीएकडे जाऊन माझ्या नावाचं पहिलं रिटर्न भरलं. व्यवसाय: शिकवणी. कर शून्य. तो म्हणाला, "काकू, तुम्हाला भरायची गरजच नाही." मी म्हटलं, मला आहे, स्कँडिनेव्हियाला ह्यांना मी स्पॉन्सर करणार आहे. तीन वर्षांची रिटर्न्स लागतात. अजून दोन भरायची आहेत.