मयताच्या नावाची नोटीस

आयकर कायद्याच्या कलम 148 ची, म्हणजे मागच्या वर्षाचा कर पुन्हा तपासण्याची (फेरनिर्धारणाची) नोटीस 31 मार्च 2021 ला निघाली होती. ज्यांच्या नावाने निघाली ते गृहस्थ 2019 मध्येच वारले होते. दुसऱ्या दिवसापासून फेरनिर्धारणाच्या नव्या तरतुदी लागू होणार होत्या, म्हणून आयकर खात्यात घाई चाललेली. नोटीस गेली मयताच्या ईमेलवर. उत्तर कोण देणार? वर्षभराने कलम 144 खाली कर ठरवणारा एकतर्फी आदेश झाला. नोटबंदीच्या काळात बँकेत भरलेल्या रोख रकमेचा खुलासा नाही, म्हणून तिच्यावर 60 टक्के कर, करावर 25 टक्के अधिभार आणि वर व्याज. पत्नीला हे कळलं ते बँकेने दोघांचं जोडखातं गोठवल्यावर.

मी करसल्लागार. या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात केलेल्या रिट याचिकेत युक्तिवाद वकिलांचा, कागद माझे. कागद गोळा करताना बाई म्हणाल्या, "ती रोख कुठून आली हे त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं असतं हो. मला त्यांच्या धंद्यातलं काही ठाऊक नाही."

माझ्या मते सगळी केस या बोलण्यात होती. नोटीस मयताच्या नावाने निघाली म्हणून ती चालणार नाही, अशा हरकतीला आमच्या व्यवसायात 'टेक्निकल पॉइंट' म्हणायची पद्धत आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो. ज्याला हिशेब माहीत आहे त्याला विचारायचं, यासाठीच नोटीस असते. तो माणूस हयात नसेल तर 1961 च्या कायद्यातलं कलम 159 वारसाला विचारायची मुभा देतं, आणि वारसाची जबाबदारी मयताच्या मालमत्तेपुरतीच ठेवतं. पण मग नोटीस वारसाच्या नावाने काढावी लागते, तीही मुदतीत.

आयकर आयुक्तांकडे अपील हा नेहमीचा रस्ता. तिथे निकालाला वर्षं लागतात, आणि तोवर वसुली थांबवायची तर सहसा मागणीच्या 20 टक्के रक्कम आधी भरा म्हणतात. इथे प्रश्न अधिकारक्षेत्राचाच होता, म्हणजे अशी नोटीस काढायचा अधिकारच होता का हा, म्हणून राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली थेट उच्च न्यायालयात गेलो.

सुनावणीत खात्याच्या वकिलांनी दोन गोष्टी मांडल्या. एक, नावातली चूक किरकोळ आहे, कलम 292ब तिला सांभाळून घेतं. यावर आमच्याकडे सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा मारुती सुझुकीचा निकाल होता: विलीनीकरणानंतर अस्तित्वातच न उरलेल्या कंपनीच्या नावाने केलेला आदेश 292ब ने वाचत नाही. जी गत कंपनीची तीच माणसाची. दुसरं म्हणजे, मृत्यू घरच्यांनी कळवला नाही. मुळात वारसाने असं कळवलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2020 मध्येच तसं सांगितलंय. पण आम्हाला तेवढ्यावर थांबायची गरज नव्हती. नवऱ्याचं शेवटचं विवरणपत्र बाईंनी वारस म्हणून भरलं होतं. त्यासाठी आयकर खात्याच्या पोर्टलवर मृत्यूचा दाखला चढवून वारसनोंदणीचा अर्ज केला होता, आणि तो खात्याकडून मंजूर झाला होता. त्या मंजुरीची तारखेसकट छापील प्रत मी याचिकेला जोडली होती. तारीख नोटिशीच्या एक वर्षाहून आधीची.

न्यायमूर्तींनी ते पान उघडलं, तारखेवर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "हे मंजूर कोणी केलं?" खात्याचे वकील म्हणाले, सूचना घ्यायला वेळ द्या. वेळ मिळाला नाही. खंडपीठाने तिथेच आदेश सांगायला सुरुवात केली: नोटीस रद्द, तिच्यावर उभा राहिलेला निर्धारण आदेश रद्द, मागणीही रद्द. कायद्यानुसार नव्याने कारवाई करायला आयकर खातं मोकळं ठेवलं, पण वारसाला नोटीस द्यायची मुदत केव्हाच टळून गेली होती.

बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. इंग्रजी भराभर चाललेलं, त्यांना काही उमगलं नव्हतं. बाहेर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बँकेतलं खातं कधी उघडेल हाच. आदेशाची प्रमाणित प्रत मिळाल्यावर ती निर्धारण अधिकाऱ्याला द्यायची, त्याने बँकेला जप्ती उठवल्याचं पत्र पाठवायचं, मग खातं खुलं. त्या पत्रासाठीही आणखी दोन स्मरणपत्रं लिहावी लागली. आयकर खातं सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतं, म्हणून मूळ कागद सांभाळून ठेवायला त्यांना बजावून सांगितलंय.