नव्वद रुपयांचं कुलूप

तालुक्याच्या कोर्टात मी बेलिफ आहे, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणारा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात टेलरच्या दुकानाचा ताबा मालकिणीला द्यायला गेलो, तेव्हा कापूस वेचणी ऐन भरात होती. पंच म्हणून सही करायला माणूस मिळेना. निम्मं गाव वावरात, आणि पारावर बसलेल्यांचे कपडे टेलरकडे शिवायला पडलेले. कोण सही करतो! शेवटी कोतवाल आणि चक्कीवाला तयार झाले.

भाडं महिन्याला १५०० रुपये, थकलेले महिने २६. मालकीण विधवा आजी. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा अनुसूचीत नाव असलेल्या ठिकाणांनाच लागू असतो, तिथे थकबाकीची नोटीस दिल्यावर ९० दिवस थांबावं लागतं. हे गाव त्यात नव्हतं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याची १५ दिवसांची नोटीस देऊन दावा लावता आला असता. पण आजीच्या पोराला दम निघेना. एका रात्री त्यानं स्वतःचं कुलूप ठोकलं. टेलरनं सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली दावा लावला आणि दुकान परत मिळवलं. त्या कलमात मालक कोण हे कोर्ट पाहतच नाही, कायदा सोडून बाहेर काढलं का एवढंच पाहतं. मग आजीचा दावा, हुकूम आणि तो बजावून घ्यायचा अर्ज, म्हणजे दरखास्त. पोराच्या कुलपानं वर्षं खाल्ली.

दाराला कुलूप होतं. वॉरंटावर ते तोडता येतं. कोतवालानं घण उचलला, तेवढ्यात टेलर सायकलवरून धापा टाकत आला.

"तोडू नका साहेब, नव्वद रुपयाचं हाये. हे घ्या चाबी."

आत शिलाई मशीन, इस्त्री, कातर, मापाची वही आणि कपड्यांचा ढीग. तुळशीचं लग्न आटोपलं की लग्नसराई, त्यामुळे ब्लाउजपीसच जास्त. एकेक वस्तू पंचनाम्यात लिहायची म्हणजे माझी बोटं आखडली. कोणतं पोलकं कोणाचं, हे टेलर वही न उघडता सांगत होता. तोवर बाया दारात जमल्या, "माह्यं झालं काय जी?"

सामान बाहेर काढलं, आजीच्या हाती चावी दिली, ताबापावतीवर तिचा अंगठा घेतला. टेलरनं मशीन समोरच्या कडुलिंबाखाली मांडलं आणि नवरीच्या मावशीचा ब्लाउज पुरा करायला बसला.

आजी घुटमळली. "माह्यं बी एक होतं ना तुह्याकडं?"

त्यानं ढिगातून हिरवं पोलकं काढलं. "दीडशे झाले काकू."

"एकोणचाळीस हजारातून काप."

"तो हिशेब कोर्टात हाये. हा शिलाईचा."

आजीनं माझ्याकडे पाहिलं. माझं वॉरंट ताब्यापुरतं होतं. थकबाकीची दरखास्त वेगळी. मी कागद गोळा करत राहिलो. तिनं कमरेची पिशवी सोडली, दीडशे मोजून दिले आणि पोलकं उलटं करून आतली शिवण बघत बसली.