दहावीच्या वर्गात १९१५

२ जून २०१६ला, गुरुवारी, जर्मन संसदेने ठराव केला की १९१५-१६मध्ये ऑटोमन साम्राज्यात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आधीच्या राज्यात, आर्मेनियन लोकांची जी हकालपट्टी आणि कत्तल झाली तो वंशविच्छेद होता. विरोधात एक मत पडलं, एक सदस्य तटस्थ राहिला, बाकी सभागृहाने हात वर केले. चान्सलर मर्केल मतदानाला आल्याच नाहीत. तुर्कस्तानने त्याच दिवशी बर्लिनमधला आपला राजदूत परत बोलावला. आणि शुक्रवारी तिसऱ्या तासाला मला दहावीच्या वर्गावर इतिहास शिकवायला जायचं होतं.

मी मूळची सोलापूरची. बर्लिनच्या नॉयकोल्न भागातल्या एका शाळेत शिकवते. त्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं तुर्की आणि कुर्द घरांतली होती. त्यांचे आजोबा साठ-सत्तरच्या दशकात कारखान्यांत कामाला म्हणून तुर्कस्तानच्या अनातोलिया भागातून इथे आलेले. सकाळी शिक्षकांच्या खोलीत एका सहकाऱ्याने सुचवलं, आज हा विषय नको, पोरं आधीच तापलेली असतील. त्याची काळजी खरी होती. पण शाळांनी हा इतिहास शिकवावा असं त्या ठरावातच लिहिलेलं होतं. शिवाय मुलांनी रात्रभर घरी टीव्हीवर, फोनवर हेच ऐकलेलं असणार. सगळे बोलत असताना फक्त इतिहासाच्या बाईंनी गप्प बसायचं, हे मला पटेना.

मी हजेरी घ्यायच्या आतच मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. हुशार मुलगा, वाचणारा. म्हणाला, "ज्यूंना जर्मनांनी मारलं. आता स्वतःचं पाप हलकं करायला ते आमच्या गळ्यात दुसरं पाप बांधतायत. माझे खापरपणजोबा चनाक्कलेच्या (गॅलिपोलीच्या) लढाईत मेले. त्यांच्यासाठी कुठली संसद ठराव करते?"

वर्गात टाळ्या पडल्या. मी त्याला बसायला सांगितलं नाही. एक छापील उतारा त्याच्याच हातात दिला आणि मोठ्याने वाच म्हटलं.

तो कागद डिसेंबर १९१५चा, पहिल्या महायुद्धातला. तेव्हा तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने लढत होतं. इस्तंबूलमधला जर्मन राजदूत वोल्फ-मेटर्निख याने बर्लिनला कळवलं होतं की आर्मेनियन लोकांवर जे चाललंय त्याविरुद्ध जर्मनीने उघड बोलावं, वर्तमानपत्रांतून बोलावं. त्यावर चान्सलर बेटमान होल्वेगचा शेरा आहे. आपलं एकमेव उद्दिष्ट तुर्कस्तानला युद्धाच्या अखेरीपर्यंत आपल्या बाजूला ठेवणं हे आहे, मग त्यापायी आर्मेनियन नष्ट होवोत वा न होवोत.

मुलाने वाचलं आणि थांबला. मग शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी मनातल्या मनात.

सुरुवात याच कागदाने करायची हे मी आदल्या रात्री ठरवलं होतं. इस्तंबूलमध्ये २४ एप्रिल १९१५ला आर्मेनियन लेखक, वकील, डॉक्टर, संगीतकारांची धरपकड झाली, तिथून सुरू केलं असतं तर अर्धा वर्ग पहिल्याच मिनिटाला आपापल्या घराच्या बाजूने उभा राहिला असता. हा कागद मात्र जर्मन, शेरा मारणारा जर्मन, आणि तो आज याच शहरातल्या परराष्ट्र खात्याच्या दफ्तरात आहे. अर्झुरूम, हलब (सीरियातलं अलेप्पो) इथल्या जर्मन वकिलातींकडून येणारे अहवाल बर्लिनला पोचत होते, वाचले जात होते. गुरुवारच्या ठरावातही हे आलंय: त्या काळच्या जर्मन साम्राज्याने माहिती असून थांबवण्याचा प्रयत्न केला नाही, याबद्दल संसदेने खेद व्यक्त केला. बातम्यांत हा भाग जवळजवळ कुठेच नव्हता. माझ्या मते ठरावातली सगळ्यात जड ओळ हीच. दुसऱ्याच्या देशाबद्दल ठराव करणं त्यामानाने सोपं असतं.

मग समाजवादी खासदार कार्ल लीब्कनेश्टची गोष्ट सांगितली. ११ जानेवारी १९१६ला त्याने संसदेत प्रश्न विचारला की आर्मेनियन लोकांची हकालपट्टी आणि कत्तल होतेय, सरकारला माहीत आहे का? गुळमुळीत उत्तर मिळालं. त्याने पुढे विचारायचा प्रयत्न केला तर अध्यक्षांनी त्याला बोलू दिलं नाही. ही तीच इमारत, जिथे काल हात वर झाले. वोल्फ-मेटर्निखचं काय झालं, असं एका मुलीने विचारलं. तुर्की सरकारच्या आग्रहावरून १९१६मध्ये त्याला परत बोलावलं गेलं, मी सांगितलं. "म्हणजे तेव्हाही राजदूतच घरी गेला," ती म्हणाली.

आणि तारीखही अशी की ३ जून. हकालपट्टीचे हुकूम देणारा गृहमंत्री तलात पाशा युद्ध हरल्यावर जर्मनांच्या मदतीने बर्लिनला येऊन राहिला होता. १५ मार्च १९२१ला हार्डेनबर्ग रस्त्यावर सोगोमोन तेहलिरियान या आर्मेनियन तरुणाने त्याला गोळी घातली. खटला दोनच दिवस चालला, २ आणि ३ जून. ज्युरींनी तरुणाला निर्दोष सोडलं. खुनाचं समर्थन मला करायचं नव्हतं आणि तसं मी वर्गात स्पष्ट सांगितलं. पण त्या खटल्यामुळे सीरियाच्या वाळवंटाकडे हाकललेल्यांच्या वाटेवरच्या हकिगती पहिल्यांदा जर्मन न्यायालयात भर सभेत ऐकल्या गेल्या. या कत्तलींच्या सूत्रधारांपैकी दोघे, बहाएद्दीन शाकिर आणि जेमाल आझमी, पुढच्या वर्षी बर्लिनमध्येच मारले गेले. त्यांच्या कबरी कोलुम्बियाडामवरच्या मशिदीच्या आवारात आहेत. वर्गातली कितीतरी मुलं ईदला तिथे जातात. कोणालाच हे माहीत नव्हतं. माहीत व्हावं असं त्यांना आजवर कोणी काही सांगितलंच नव्हतं.

इतका वेळ एक मुलगी काहीच बोलली नव्हती. ती हलबची, दोन वर्षांपूर्वी आईबरोबर आलेली. तिने हात वर केला. "आमच्या गल्लीतले सोनार आर्मेनियन होते. त्यांच्या आजीला वाळवंटातून एका अरब कुटुंबाने घरी आणलं होतं. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. यात वाद आहे, हे मला इथे आल्यावर कळलं." फळ्यावरच्या नकाशात देर एझ-झोर मी खुणेने दाखवलं होतं, हाकलून नेलेल्यांचे तांडे शेवटी जिथे पोचत ते गाव. तिथलं आर्मेनियन स्मारक-चर्च सप्टेंबर २०१४मध्ये उडवून दिलं गेलं, हेही तिनेच सांगितलं.

मागच्या बाकावरचा मुलगा तिच्याकडे बघत होता. तिला उलट उत्तर देणं त्याला जमेना, म्हणून मला विचारलं, "आणि तुमच्या भारताने मान्य केलंय?"

"नाही," मी म्हटलं.

"का?"

देश हिशेब करतात, असं मी सांगितलं. फ्रान्सने २००१मध्ये कायदा केला तेव्हा तुर्कस्तानने फ्रेंच कंपन्यांची कंत्राटं रद्द केली. अमेरिकेत नुसत्या समितीत ठराव मंजूर झाला तरी तेव्हा तुर्कस्तान आपला राजदूत परत बोलावत असे, आणि अमेरिकेला लागणारा इंचिर्लिकचा हवाई तळ तुर्की भूमीवर आहे. भारत-आर्मेनिया ओळख फार जुनी. मुंबईच्या फोर्टात १७९६मध्ये स्थापन झालेलं आर्मेनियन चर्च आहे, मद्रासमध्ये १७९४ला जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक निघालं. तरी नाही. (पुढच्या वर्षी तेव्हाचे उपराष्ट्रपती हमीद अन्सारी आर्मेनियाची राजधानी येरेवानला गेले, तिथल्या वंशविच्छेदाच्या स्मारकावर त्यांनी पुष्पचक्र वाहिलं. सरकारची औपचारिक मान्यता मात्र अजूनही नाही.) माझ्या देशाने हे करायला हवं असं मला वाटतं, हेही मी वर्गाला सांगितलं. शिक्षकाने आपलं मत सांगू नये असं मानणारे इथेही आहेत. मला तो प्रश्न टाळता येण्यासारखा वाटला नाही.

तास संपला, वाद बाहेर चालूच राहिला. जर्मन संसदेतल्या तुर्की वंशाच्या अकरा खासदारांना धमक्या आल्या. तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान म्हणाले, त्यांचं रक्त प्रयोगशाळेत तपासायला हवं. जर्मन खासदारांना इंचिर्लिकवरच्या स्वतःच्या सैनिकांना भेटायलाही परवानगी मिळेना. या भांडणात पुढे आणखी कारणं मिसळली आणि २०१७मध्ये जर्मनीने तिथली विमानं जॉर्डनला हलवली.

सप्टेंबरात सरकारच्या प्रवक्त्याने जाहीर केलं की ठराव कायद्याने बंधनकारक नाही. तो मुलगा तेव्हा अकरावीत होता. मधल्या सुट्टीत त्याने मला जिन्यात गाठलं. "बघा, घेतली ना माघार?" मी म्हटलं, तसले ठराव कधीच बंधनकारक नसतात. सरकारने एवढंच सांगितलंय. झालंच नव्हतं असं कुठे म्हटलंय? तो म्हणाला, मग खासदारांना इंचिर्लिकला जाऊ द्यावं म्हणून हे आत्ताच का सांगितलं? बरोबर मुद्दा होता, आणि मी तो मान्य केला. मग मी त्याला बेटमान होल्वेगच्या शेऱ्याची आठवण केली. तो शेरा त्याला तोंडपाठ होता. घंटा झाली तरी आम्ही जिन्यातच वाद घालत उभे होतो.