रिटायरमेंट, लग्न, बदली… आणि माझा पहिला प्रश्न झोपेचा

माझ्याकडे काउन्सेलिंगला येणारे बरेच जण बसल्या बसल्या म्हणतात, मॅडम तसं काही झालेलं नाहीये, फक्त करमत नाही. मग बोलता बोलता कळतं की नुकतेच रिटायर झालेत, नाहीतर मुलगा पुण्याला गेलाय जॉबसाठी. अहो म्हणजे झालंय की! होम्स आणि राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ बदलांना ताणाचे मार्क दिले होते, त्यात जोडीदाराचा मृत्यू १००, पण लग्नालाही ५० आणि रिटायरमेंटला ४५. चांगला बदलसुद्धा अंगावर येतोच.

नाशिकला सातपूरच्या एका कंपनीतून रिटायर झालेले काका आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). पहाटे पाचला अजूनही जाग येते, आंघोळ करून तयार होतात आणि मग जायचं कुठे? काकू वैतागलेल्या, "दिवसभर माझ्या मागे मागे, डाळीचा डबा इथे का ठेवला, गॅस मोठा का केला." मी आधी झोप विचारली, चहा किती होतो, दुपारी किती वेळ आडवे होता, पेन्शनमध्ये भागतं का. चहा सारखा चालूच, दुपारी दोन-दोन तास झोप, मग रात्री डोळा कसा लागणार. फिजिशियनकडे पाठवलं तर व्हिटॅमिन बी-१२ खूपच कमी निघालं. गोळ्या सुरू झाल्या, आणि बोलणंही सुरू झालं, की कंपनीत पोरं येऊन विचारायची "साहेब हे कसं करू", आता कोणी काही विचारत नाही. हे सांगताना पहिल्यांदा त्यांचा आवाज बदलला. आता सकाळी जॉगिंग ट्रॅक आणि आठवड्यातून काही दिवस अंबडला मित्राच्या वर्कशॉपमध्ये नवीन पोरांना शिकवतात. काकूंनाही मी एका सेशनला बोलावलं होतं, कारण बदल त्यांच्याही घरात झालाय ना.

शरीर, मन आणि आजूबाजूची माणसं एकत्र बघा हे जॉर्ज एंगेल या अमेरिकन डॉक्टरांनी १९७७ मध्येच मांडलं होतं, मला ते रोज पटतं. पण होलिस्टिक, म्हणजे असं सगळं एकत्र बघायचं, म्हणून औषध नको असं अजिबात नाही. जगण्यातच राम वाटेनासा झाला, जीव द्यावासा वाटला तर मी लगेच सायकियाट्रिस्टकडे पाठवते, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर चोवीस तास चालू असतो, तो सेव्ह करून ठेवा.

नवरा गेलेल्या बायकांचं तर अजून वेगळं. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं, त्यानंतर बँकेचा ओटीपी गेलेल्या नवऱ्याच्या मोबाईलवर येतो, गॅसचं कनेक्शन त्याच्याच नावावर, आणि प्रत्येक काउंटरवर तेच परत सांगायचं, ते वारले म्हणून. अशा वेळी सेशनमध्ये आम्ही रडतोही आणि कागदांची यादीही करतो, बँकेत बरोबर कोण येईल तेही ठरवतो. हेसुद्धा काउन्सेलिंगच आहे असं मी मानते.

पहिल्यांदा येताना जुने रिपोर्ट असतील तर आणा, आणि चालत असेल तर घरचं एखादं माणूसही.