सरळ रेषेतला प्रवास

दोन आडगावांचे विमानतळ निवडायचे आणि त्यांच्यातलं अंतर इंटरनेटवर शोधायचं, हा मला लागलेला एक बिनखर्चाचा नाद आहे. ज्यांच्यात एकही विमान ये-जा करत नाही, अशीच गावं मी मुद्दाम निवडतो. अंतर सांगणाऱ्या संकेतस्थळावरच्या यंत्राला त्याचं काही सोयरसुतक नसतं. अंतर इतके किलोमीटर, उड्डाणाला एक तास अमुक मिनिटं, असं ते बेधडक सांगून मोकळं होतं. कुणाच्या उड्डाणाला, हे विचारायची सोय नाही.

अंतराबद्दल माझी तक्रार नाही. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला तर तो जिथून जाईल ती सगळ्यात जवळची वाट. अक्षांश-रेखांश हाताशी असले की ती गणिताने निघते. वेळ मात्र बऱ्याचदा ठोकताळ्याने काढलेला असतो: वेग ताशी आठशे किलोमीटर धरायचा आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकायचा. मोठ्या जेटला हे चालून जातं. पण आडगावच्या आखूड धावपट्टीवर ते जेट उतरणार कुठे? तिथे पंख्याचं विमान येतं. त्यातलं एटीआर जातीचं विमान ताशी पाचशेच्या आसपास, त्याहून छोटं ट्विन ऑटर तर तीनशेच्या घरात.

या ठोकताळ्याची खरी फजिती होते ती स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांवर. वेस्टरे ते पापा वेस्टरे हे अंतर आहे २.७ किलोमीटर. लंडनच्या हीथ्रोची सर्वांत लांब धावपट्टीसुद्धा याहून सव्वा किलोमीटरने मोठी! लोगनएअरने १९६७ साली इथली विमानसेवा सुरू केली. विमान इतकं छोटं की एखादा प्रवासी वैमानिकाच्या शेजारीच बसतो. वेळापत्रकात दोन मिनिटं दिलेली असतात आणि विक्रम ५३ सेकंदांचा आहे. आता लावा ठोकताळा: ताशी आठशेने बारा सेकंद, अधिक अर्धा तास. म्हणजे यंत्राचं ऐकलं तर विमान पोचून, परत येऊन, पुन्हा पोचलं तरी आपण अजून हवेतच.

ग्रीनलंडमध्ये तर एका गावाहून दुसऱ्या गावी जाणारे रस्तेच नाहीत, त्यामुळे तिथे हवेतलं अंतर हेच कामाचं अंतर. कांगरलुसुआकहून सिसिमिउतला विमान साधारण अर्ध्या तासात पोचतं. हौशी लोक हीच वाट पायी चालतात. ती भरते सुमारे १६० किलोमीटर आणि आठवडा-दहा दिवस सहज जातात. ही चाल मला त्या अर्ध्या तासापेक्षा खरी वाटते, अर्थात घरात बसून.

आणि दोन छोट्या गावांत थेट विमान नसलं की सरळ रेषा कागदावरच राहते. आधी उलट्या दिशेच्या मोठ्या विमानतळावर जा, तिथे ताटकळत बसा, मग निघा. ग्रीनलंडची राजधानी असूनही नूकच्या लोकांनी हे वर्षानुवर्षं सोसलं. डेन्मार्कला जायचं तर आधी तीनेकशे किलोमीटर उत्तरेला, महायुद्धात अमेरिकेने बांधलेल्या कांगरलुसुआकच्या धावपट्टीवर. २०२४ च्या नोव्हेंबरात नूकची नवी लांब धावपट्टी सुरू झाली तेव्हा कुठे तो वळसा सुटला.

स्कॉटलंडच्याच बॅरा बेटावर विमानं समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत उतरतात. भरती आली की धावपट्टी पाण्याखाली, म्हणून विमानांच्या वेळा भरती-ओहोटी पाहून ठरतात. अंतर सांगणाऱ्या यंत्रात भरतीचा रकाना अजून तरी मला दिसलेला नाही.