अवजाराचे हेलकावे आणि साखळीचा आवळ

वाळवा तालुक्यातील आमच्या उसाच्या मोकळ्या रानात ट्रॅक्टरमागचा रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार, चार बोटे इकडे किंवा तिकडे सरकला, तर त्याची दखल कोणी घेत नाही, कारण पुढच्या फेरीत ती पट्टी आपोआप झाकली जाते. तासगाव तालुक्यातील मामांच्या द्राक्षबागेत मात्र एप्रिलच्या खरड छाटणीनंतर तण मोडण्यासाठी खोडांच्या ओळीलगत फेरी मारत असताना त्याच चार बोटांनी एका वेलीच्या खोडाची साल आणि ठिबकची हातभर नळी ओढून नेली. मामांनी फार बोलून दाखवले नाही. “साखळी आवळ की, त्यात काय!” एवढेच ते म्हणाले, आणि मीही पाना घेऊन रोटाव्हेटर जमिनीवर टेकलेला असतानाच दोन्ही बाजूंच्या चेक चेन, म्हणजे अवजाराला आडवे सरकू न देणाऱ्या साखळ्या, जितक्या आवळता येतील तितक्या आवळल्या. ओळीच्या टोकाला वळण्यासाठी ट्रॅक्टरच्या लिफ्टने रोटाव्हेटर उचलला, तसा मागून कडकन आवाज झाला आणि उजवीकडची साखळी ट्रॅक्टरला जिथे अडकते त्या कानपट्टीचा बोल्ट तुटून खाली पडला.

तो बोल्ट का तुटला, हे समजून घेतल्यावर हेलकाव्यांचा सगळा प्रश्नच मला वेगळा दिसू लागला. लिफ्टचे खालचे दोन दांडे, म्हणजे लोअर लिंक, ज्या पिनांभोवती वर-खाली होतात, त्याच रेषेत साखळीचे पुढचे टोक असेल, तर दांडा कितीही वर गेला तरी साखळीला लागणारी लांबी बदलत नाही. आमच्या ट्रॅक्टरवर साखळीची कानपट्टी त्या पिनेपेक्षा खाली आहे. त्यामुळे दांडा वर जाऊ लागला की कानपट्टीपासूनचे अंतर वाढते आणि खाली असताना बेताची वाटणारी साखळी वर गेल्यावर तारेसारखी ताणली जाते. अशी मांडणी काही ट्रॅक्टरांवर हेतुपूर्वक केलेली असते. काम चालू असताना अवजाराला थोडी मोकळीक मिळावी आणि उचलल्यावर ते टायरला न लागता मध्ये स्थिर राहावे, हा त्यामागचा विचार असतो. मी तो विचार न समजता जमिनीवरच सगळी मोकळीक संपवून टाकली होती, तेव्हा लिफ्टच्या जोरापुढे कुठेतरी काहीतरी तुटणारच होते.

ही मोकळीक मुळात ठेवलीच कशासाठी, याचे उत्तर नांगराकडे आहे. हॅरी फर्ग्युसन यांनी खालचे दोन दांडे आणि वरचा एक अशी तीन बिंदूंची ही जोडणी नांगर डोळ्यांपुढे ठेवून घडवली. ती १९३६ च्या फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरवर आणि नंतर हेन्री फोर्ड यांच्याशी झालेल्या करारातून १९३९ च्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरवर आली. खालचे दोन्ही दांडे मागून पुढे जाताना एकमेकांच्या जवळ येतात, हे ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून पाहिले तर सहज दिसते. ते तसेच पुढे वाढवले असे मानले, तर पुढच्या चाकांच्या दिशेने कुठेतरी एका बिंदूत मिळतील, आणि अवजार जणू त्या बिंदूला बांधल्यासारखे चालते. यामुळे नांगर तासात, म्हणजे स्वतः पाडलेल्या चरीत, आपली वाट आपण धरतो आणि चालकाने सुकाणू थोडे वळवले तरी एकदम आडवा ओढला जात नाही. नांगराच्या साखळ्या करकचून आवळल्या, तर मातीचा आडवा दाब थेट ट्रॅक्टरच्या मागच्या धडावर येतो, सुकाणू जड होते आणि तास वाकडा पडतो. म्हणून पलटी नांगराला दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक हवीच, तर रोटाव्हेटर, पेरणी यंत्र आणि बागेत फिरणारा फवारणीचा ब्लोअर यांना ती जवळजवळ नकोच असते. रोटाव्हेटरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे: अवजार आडवे सरकत राहिले, तर इंजिनची ताकद रोटाव्हेटरला देणाऱ्या पीटीओ शाफ्टचा कोन सतत बदलतो आणि त्याच्या सांध्यातले क्रॉस लवकर झिजतात.

तरीही माझे मत असे की, आपल्याकडे आवळण्याची घाई होते आणि झीज पाहण्याचा कंटाळा केला जातो. मामांच्या बागेतील घटनेनंतर एका जुन्या फिटर मिस्त्रींनी साखळीला हातही न लावता आधी पहार मागितली, दांड्याच्या टोकाखाली घालून उचलून पाहिली आणि टोकातील बॉल त्याच्या घरात किती खुळखुळतो ते मला दाखवले. “आधी हे बघ, बाळा. साखळी शेवटी,” असे म्हणून त्यांनी रोटाव्हेटरच्या पिनांकडे बोट केले. या जोडणीची ठरलेली मापे असतात, त्यांना कॅटॅगरी म्हणतात; कॅटॅगरी एकच्या खालच्या पिना सुमारे २२ मिलिमीटर जाडीच्या आणि कॅटॅगरी दोनच्या सुमारे २८ मिलिमीटर जाडीच्या असतात. आमचा रोटाव्हेटर पहिल्या मापाचा, दांड्यातील बॉल दुसऱ्या मापाचे, आणि मधली फट भरणारा बुश कधीतरी हरवलेला होता. तो हरवल्याचे वर्षभरात कोणाच्याही ध्यानात आले नव्हते, हे लिहिताना आजही मला संकोच वाटतो. म्हणजे सहा मिलिमीटरची पोकळी तिथेच होती आणि शिवाय बॉल निसटू नये म्हणून लावलेली लिंच पिन व बॉल यांच्यामध्ये पिनेच्या लांबीवर बॉल आडवा सरकायलाही जागा होती. अशी झीज दांड्याच्या टोकाशी बोटभर असली, तरी रोटाव्हेटरच्या मागच्या कडेला ती वाढूनच दिसते. बुश घातले, पिनेवर जाड वॉशर चढवून आडवी फट भरली आणि एक बॉल बदलला, तेव्हा साखळी तशीच ढिली असतानाही अर्ध्याहून अधिक हेलकावा नाहीसा झाला होता.

याशिवाय अवजाराची पातळीही पाहावी लागते. खालचा दांडा उचलणाऱ्या उजव्या लिफ्ट रॉडचे हँडल फिरवून दोन्ही बाजू सारख्या केल्या नाहीत, किंवा एका मागच्या टायरमध्ये हवा कमी असली, तर रोटाव्हेटर एका बाजूने खोल लागतो आणि त्याच बाजूला ओढ घेत राहतो. हा हेलकावा नसून एकतर्फी सरकणे असते आणि त्यावर साखळीचा उपाय चालत नाही.

आता साखळी लावण्याची माझी पद्धत सांगतो. सपाट जागेवर अवजार जोडून, इंजिन बंद करून, आधी टायरच्या आतल्या कडेपासून दांड्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे आणि साखळीची लांबी कमी-जास्त करणारा टर्नबकल फिरवून ते सारखे करावे. त्यानंतर लिफ्ट एकदम न उचलता टप्प्याटप्प्याने पूर्ण वरपर्यंत न्यावी आणि प्रत्येक टप्प्यावर साखळी हाताने हलवून पाहावी. सर्वांत घट्ट जिथे होईल, तिथेही ती किंचित हलली पाहिजे. हे करताना टायर आणि अवजार यांच्या मधे कोणी उभे असताना लिव्हरला दुसऱ्या कोणी हात लावू नये. शेवटी लॉकनट आवळायला विसरू नये, नाहीतर रोटाव्हेटरच्या थरथरीने टर्नबकल सावकाश उलगडतो आणि दोन तासांनी सगळे पुन्हा पूर्वीसारखे होते. ज्या ट्रॅक्टरांवर साखळीऐवजी एकात एक सरकणाऱ्या नळीचे स्टॅबिलायझर आहेत, त्यांवर हे काम सोपे आहे, कारण पिन गोल भोकात घातली की बार ताठ राहतो आणि लांबट खाचेत घातली की ठरावीक अंतरापुरता सरकतो. रोटाव्हेटर काढून नांगर जोडताना तेवढी पिन बदलावी लागते.

आमच्या ट्रॅक्टरला तशी सोय नाही. म्हणून नांगराच्या वेळी आणि रोटाव्हेटरच्या वेळी टर्नबकलचे किती आटे बाहेर दिसायला हवेत, याच्या दोन खुणा मी रंगाने करून ठेवल्या आहेत; पांढरी नांगराची आणि लाल रोटाव्हेटरची. ट्रॅक्टर बागेत शिरण्यापूर्वी मामा आता माझ्याशी बोलण्याआधी मागे जाऊन लाल खूण पाहतात.