आमची वाटचाल : दोन कापडांच्या मधलं

पुण्यात सिंहगड रोडला आमचं गोधड्यांचं छोटं युनिट आहे. मी आणि माझ्या जाऊबाईंनी घरच्या शिलाई मशीनवर सुरुवात केली, ती जुन्या साड्यांच्या गोधड्यांपासून. लोक आजीचं नऊवारी, आईची सुती पातळं घेऊन यायचे. या गोधडीत वेगळं भरण नसतंच. वर-खाली धड कापड, मध्ये विरलेल्या साड्यांचे थर आणि कडेपासून आत आत येत जाणारा धावदोरा. आजही कुणी साड्या आणल्या तर आम्ही आधी हेच सुचवतो. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीइतकं अंगाला सुख देणारं भरण बाजारात विकत मिळत नाही.

नव्या कापडाच्या ऑर्डरी वाढल्या तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला. वरचं कापड रविवार पेठेत हवं तसं मिळतं, पण आत काय घालायचं? गादी कारखान्यातला पिंजलेला कापूस हाताशी होता. रजईला तो चालतो, कारण रजई सहसा धूत नाहीत. तिला ऊन देतात, आणि कापूस दबला की उसवून पुन्हा पिंजून भरतात. गोधडी मात्र धुतली जाते, लहान बाळाची तर वरचेवर. सुटा कापूस भिजला की त्याचे गोळे होतात आणि मधेच नुसती दोन कापडं हाताला लागतात. त्यामुळे आम्ही तयार थराकडे, म्हणजे बॅटिंगकडे वळलो.

कापसाची चांगली बॅटिंग सुयांनी ठोकलेली असते. काटे असलेल्या शेकडो सुया थरातून वर-खाली जातात, तंतू ओढून एकमेकांत अडकवतात, आणि गोंद न लावता थर एकसंध राहतो. काही थरांना झिरझिरीत जाळीचा आधार असतो. तो थर ताणला जात नाही, म्हणून शिलाईच्या दोन ओळींत आठ इंचांपर्यंत अंतर ठेवता येतं. बिनजाळीच्या थरावर आम्ही तीन-साडेतीन इंचांच्या पलीकडे जात नाही. मशीनच्या कामाला आम्ही जाळीचा थर वापरतो. हातशिलाईला तो घेतला तेव्हा डोणज्याच्या मावशींनी दोन ओळी घातल्या आणि सुई बाजूला ठेवली. ‘‘ताई, ह्याच्यात सुई घुसंना बघा. बोटं भरून आली.’’ हातकामासाठी बिनजाळीचा, पातळ आणि मऊ थर घ्यायचा, हे त्या दिवशी ठरलं ते कायमचं.

पॉलिस्टरच्या शीटला मी नावं ठेवत नाही. ती हलकी असते, फुगीर दिसते, स्वस्त पडते आणि जुलैच्या पावसातही पंख्याखाली वाळते. सुती गोधडी त्या हवेत दोन-दोन दिवस दमट राहते आणि कुबट वास धरते. होस्टेलवर राहणाऱ्या मुलामुलींना आम्ही पॉलिस्टर किंवा ८० टक्के कापूस आणि २० टक्के पॉलिस्टर असं मिश्रण सुचवतो. पण पॉलिस्टरमध्ये घाम जिरत नाही, कडक इस्त्री लागली की ते वितळतं, आणि हलक्या प्रतीच्या शीटचे तंतू कापडाच्या विणीतून बाहेर डोकावतात. काळ्या इरकलीवर तर पांढरं केस उगवल्यासारखं दिसतं. गडद कापडाला आम्ही म्हणूनच गडद थर शोधून घालतो.

माल आला की आधी तुकडा जाळून बघायचा, हा आमचा नेम. कापूस कागदासारखा जळतो, वासही तसाच येतो आणि बोटांत चुरली जाणारी करडी राख उरते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर टणक काळा मणी हातात येतो. शंभर टक्के कापूस म्हणून आलेल्या एका मालाच्या राखेत असे मणी निघाले. तो माल आम्ही त्याच टेम्पोनं परत पाठवला.

गिऱ्हाईक गोधडी चिमटीत धरून जाडी बघतं. जाड म्हणजे चांगली हा समज फार पक्का आहे, आणि तो घालवायला मला मनापासून बोलावं लागतं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे पारा दहाच्या खाली जातो, पण वर्षाचे बाकीचे महिने बघा ना! बॅटिंग जीएसएमवर विकली जाते, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. ९० बाय १०० इंचांच्या डबल बेडच्या गोधडीत २०० जीएसएमचा थर घातला की नुसतं भरणच साडेअकराशे ग्रॅमच्या आसपास जातं. १२० चा घातला तर सातशे ग्रॅम. भिजल्यावर ती गोधडी पिळणाऱ्या बाईच्या मनगटांचा विचार केला की मला १२० चाच थर पटतो, आणि पुण्याच्या थंडीला तो पुरतो.

कापूस आटतो, ही बाब आम्ही बिल करतानाच सांगतो. तीन ते पाच टक्के धरून चालावं, म्हणजे शंभर इंचांत तीन ते पाच इंच गेले. त्या आटण्यानं कापडावर बारीक सुरकुत्या येतात आणि गोधडी जुनी, वापरातली वाटू लागते. पुष्कळांना तेच रूप हवं असतं. नको असेल त्यांच्यासाठी नुसत्या कापसाऐवजी मिश्रणाचा थर घेतो आणि वरचं कापड आधी धुऊन घेतो.

गुंडाळी उघडली की थर रात्रभर टेबलावर पसरून ठेवतो, घड्या आपोआप सुटतात. मग अस्तर, थर, वरचं कापड अशी मांडणी, मधून कडेकडे हात फिरवत, आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके. उरलेले तुकडे आम्ही टाकत नाही. दोन तुकड्यांच्या कडा एकमेकींवर न चढवता नुसत्या भिडवायच्या आणि सैल मच्छीकाट्यानं जोडायच्या. चढवल्या तर तिथं वळ उठतो आणि तो धुण्यानं जात नाही. बाळाच्या दुपट्यांचं भरण बहुतेक असंच जोडून होतं.

आता प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात आतली पट्टी असते : भरण कशाचं, किती जीएसएम, कसं धुवायचं. ऑर्डर घेताना जाऊबाई रंगाच्या आधी विचारतात, धुणार कोण, मशीन की हात? आणि वाळत कुठं घालणार, गच्चीत की फ्लॅटच्या बाल्कनीत? त्या उत्तरावर भरण ठरतं, मग कापडाचे तागे उघडतो.